जळालेला घरगुती बार्बेक्यू कंट्रोलर कसा दुरुस्त करावा

मटणाची अख्खी रान कोळशावर मंद शिजवायची तर भट्टीचं तापमान कित्येक तास ११० अंशांच्या आसपास धरून ठेवावं लागतं. हाताने ते जमतं, पण मग दुसरं काही जमत नाही. म्हणून हौशी मंडळी स्वतः कंट्रोलर बनवतात. तापमान मोजणारा एक प्रोब भट्टीत, एक मटणात, मध्ये आर्डुइनो नॅनो किंवा ईएसपी३२ हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, आणि कोळशाला वारा घालणारा १२ व्होल्टचा छोटा ब्लोअर. तापमान उतरलं की ब्लोअर फिरतो, चढलं की थांबतो. रचना सोपी आहे. पण ती ठेवतो कुठे, तर सोसायटीच्या गच्चीवर, खाऱ्या दमट हवेत, धूर आणि चरबीच्या शेजारी, लांबलचक एक्स्टेन्शन बोर्डाच्या टोकाला. त्यामुळे ती कधी ना कधी जळतेच.

जळालेला कंट्रोलर हातात आला की बहुतेक जण काळा पडलेला पार्ट शोधतात, तो बदलतात आणि लगेच चालू करून बघतात. नवा पार्टही तासाभरात जातो. माझं ठाम मत आहे की पार्ट बदलण्याआधी वीज आत कोणत्या वाटेने शिरली ते शोधायला हवं. अशा कंट्रोलरला चारच दारं असतात: अडॅप्टर, ब्लोअरची वायर, प्रोबच्या वायरी आणि यूएसबी. पुढची सगळी तपासणी या चार दारांच्या हिशेबाने केली आहे.

हात लावण्याआधी

सगळ्या वायरी काढा. प्लग, यूएसबी, ब्लोअर, प्रोब, काहीही जोडलेलं ठेवू नका. मग ज्याच्याकडे तो बिघडला त्याला नीट विचारा, स्वतःचाच असेल तर आठवून लिहून काढा. त्या वेळी इमारतीत आणखी कुणाचं काही जळलं का? लॅपटॉप जोडलेला होता का? प्रोब मटणात होता की नुसता लोंबकळत होता? पाऊस होता का? या उत्तरांनी निम्मं काम होतं.

शेजाऱ्यांचे टीव्ही आणि फ्रिजही त्याच वेळी गेले असतील तर न्यूट्रल सुटल्याचा संशय घ्या. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात, पण तीन फेजच्या लाइनचा न्यूट्रल ढिला झाला तर काही घरांत ४०० व्होल्टपर्यंत दाब चढतो. अडॅप्टरच्या आतला मुख्य कपॅसिटर सहसा ४०० व्होल्टचा असतो आणि २३० व्होल्टच्या पुरवठ्यावरही त्याच्यावर सव्वातीनशे व्होल्ट असतात. ४०० व्होल्टच्या एसीला त्याच्यावर साडेपाचशेच्या वर जातात आणि तो फुटतो. अशा वेळी सोसायटीच्या वायरमनला मीटर रूममधलं न्यूट्रलचं कनेक्शन बघायला सांगा. ते घट्ट झाल्याशिवाय नवा अडॅप्टर लावू नका.

अडॅप्टर उघडून दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका चार्ज राहू शकतो, आणि १२ व्होल्ट २ अँपिअरचा चांगला अडॅप्टर काही महाग नाही. जुन्याचं आउटपुट मात्र मोजा. १२ ऐवजी शून्य असेल तर तो मेला आणि बहुधा मागचं सगळं वाचलं. १६-१८ दाखवत असेल तर आउटपुट १२ वर धरून ठेवणारा त्याचा आतला फीडबॅक गेला आहे आणि तो जास्तीचा दाब बोर्डापर्यंत पोचला आहे, असं धरून पुढे जा.

साफसफाई आणि डोळ्यांनी तपासणी

बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासून घ्या. ही पायरी टाळू नका. गच्चीवर राहिलेल्या बोर्डावर चरबी, काजळी आणि मीठ यांचा पातळ थर बसतो आणि पावसाळ्यात तो ओलावा धरून वीज वाहायला लागतो. काही ‘जळालेले’ कंट्रोलर नुसते धुऊन, पंख्याखाली रात्रभर वाळवून चालू झालेले मी पाहिले आहेत. कोपऱ्यांतला हिरवा गंज काडीने खरवडा आणि खालचा तांब्याचा ट्रॅक तुटलेला नाही ना ते मल्टिमीटरच्या बीपवर तपासा.

मग भिंगातून बघा. कपॅसिटरची टोपी फुगली आहे का, रेग्युलेटरवर पुटकुळीसारखा उंचवटा आहे का, एखाद्या काळ्या आयसीच्या पोटावर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र आहे का. ते छिद्र सहज नजरेतून सुटतं. बोर्ड तिरका धरून त्यावर मोबाइलचा टॉर्च मारला की त्याची सावली पडते आणि ते दिसतं.

वीज न देता मोजमाप

मीटर ओहमवर ठेवून तीन रेल, म्हणजे बोर्डावरच्या पुरवठ्याच्या लाइनी, तपासा: १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि असल्यास ३.३ व्होल्ट. प्रत्येकीचा ग्राउंडशी रेझिस्टन्स घ्या. चांगल्या बोर्डावर आकडा कपॅसिटर भरेपर्यंत हळूहळू चढतो आणि काहीशे ओहम ते काही किलोओहमवर स्थिरावतो. दोन-पाच ओहमवर अडकून राहिला तर त्या रेलवर कुठेतरी शॉर्ट आहे. मग त्या रेलवरचे मॉड्यूल एकेक करून काढत जा आणि प्रत्येक वेळी मोजा. नॅनो, थर्मोकपलचं (दोन धातूंच्या वायरींच्या प्रोबचं) मॉड्यूल, डिस्प्ले, जे काढल्यावर आकडा वर उडी मारेल तो दोषी. बोर्ड बनवताना नॅनोसाठी सॉकेट वापरला असेल तर हे पाच मिनिटांचं काम. थेट सोल्डर केला असेल तर या दुरुस्तीत सॉकेट बसवूनच टाका.

१२ चे ५ करणारं बक मॉड्यूल, बहुतेकांकडे एलएम२५९६ चं, वेगळं काढून तपासा. याची खोड अशी की आतला स्विच शॉर्ट झाला तर आलेले १२ व्होल्ट सरळ पुढे पाठवतं. नॅनोवरच्या एटमेगा३२८पीची कमाल मर्यादा ६ व्होल्ट, थर्मोकपल वाचणाऱ्या मॅक्स६६७५ चिपचीही तेवढीच, तसल्याच मॅक्स३१८५५ ची ४, आणि ईएसपी३२ ची चिप तर ३.६ च्या वर सहन करत नाही. म्हणून मॉड्यूलला एकट्याला १२ व्होल्ट द्या, आउटपुटवर ४७ ओहम ५ वॅटचा रेझिस्टर लोड म्हणून लावा आणि ५ व्होल्ट ठाम राहतात का ते काही मिनिटं बघा. आकडा नाचत असेल तर मॉड्यूल फेकून द्या.

सिरीज बल्ब लावून पहिली वीज

टीव्ही दुरुस्त करणारे जुने मेकॅनिक २३० व्होल्टला सिरीजमध्ये साधा बल्ब लावत. तेच तत्त्व इथे १२ व्होल्टवर वापरा. स्कूटरच्या इंडिकेटरचा किंवा गाडीच्या पार्किंग लाइटचा १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब घेऊन तो अडॅप्टरच्या प्लस वायरमध्ये सिरीजला जोडा. ब्लोअर आणि प्रोब अजून जोडायचे नाहीत. बोर्ड ठीक असेल तर बल्ब क्षणभर मिणमिणून विझल्यासारखा होतो. शॉर्ट असेल तर तो लख्ख पेटतो, पण करंट ०.४ अँपिअरच्या आसपासच अडकतो आणि आणखी काही जळत नाही. ईएसपी३२ वायफाय सुरू करताना बल्ब लुकलुकेल, ते चालायचंच. सतत रीसेट होत राहिला तर १० वॅटचा बल्ब लावा.

बल्ब शांत असेल तर बोटाने एकेक चिप चाचपा. हात भाजेल इतकी गरम होणारी चिप गेलेली आहे, मग ती वरवर काम करत असली तरी.

मॉसफेट आणि ब्लोअर

ब्लोअर चालू-बंद करणारा मॉसफेट, सहसा आयआरएलझेड४४एन, या यंत्रातला सगळ्यात जास्त मार खाणारा पार्ट. तो बोर्डातून काढून मोजा, बोर्डात असताना आकडे फसवतात. छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली असे धरले तर डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स. आधी गेट आणि सोर्स बोटाने एकत्र टेकवून गेटवरचा चार्ज घालवा. मीटर डायोडवर ठेवा. लाल टोक सोर्सला आणि काळं ड्रेनला लावल्यावर ०.४ ते ०.६ यायला हवं, उलट लावल्यावर काहीच नाही. गेटपासून इतर दोन पायांकडे कोणत्याही दिशेने काहीच दिसता कामा नये. गेटवर काहीशे ओहमही दिसले तर तो मेला.

आता यातली धोक्याची गोष्ट. मॉसफेट ड्रेन-सोर्स शॉर्ट झाला की ब्लोअर पूर्ण वेगाने फिरतच राहतो. कंट्रोलर बंद करायचा हुकूम देतो, पण ऐकणारं कुणी नसतं. झाकणाखाली कोळसा धगधगून भट्टी ३०० अंशांच्या पुढे जाऊ शकते. मॉसफेट गेट-ड्रेन शॉर्ट झाला असेल तर ब्लोअरमधून येणारे १२ व्होल्ट गेटच्या रेझिस्टरमधून मायक्रोकंट्रोलरच्या पिनवर जातात. म्हणून मॉसफेट गेलेला आढळला की ती पिनही तपासायचीच. बऱ्याच डिझाइनमध्ये गेटला १०० ओहमचा रेझिस्टर असतो. मी तिथे १ किलोओहम लावतो. ब्लोअरचं पीडब्ल्यूएम, म्हणजे वेग कमी-जास्त करायला झटपट चालू-बंद करणं, ४९० हर्ट्झचं असतं, इतक्या कमी वेगाला त्याने काही फरक पडत नाही आणि मॉसफेट फुटला तरी पिनमध्ये शिरणारा करंट सहा-सात मिलिअँपिअरवर थांबतो. गेट आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहम हवाच, नाहीतर बोर्ड रीसेट होताना गेट अधांतरी राहतं आणि ब्लोअर आपोआप फिरतो.

मॉसफेट का गेला? बहुतेक वेळा ब्लोअरला समांतर डायोड नसतो किंवा उलटा लावलेला असतो. मोटरच्या गुंडाळीचा करंट तोडला की उलटा झटका येतो, तो जिरवायला १एन५८१९ डायोड लावा, पट्टा प्लसच्या बाजूला. दुसरं कारण खुद्द ब्लोअर. त्याला एकट्याला बल्बमधून १२ व्होल्ट द्या. ५०१५ मापाचा ब्लोअर साधारण ०.१ ते ०.२ अँपिअर घेतो, तेवढ्याला बल्ब जेमतेम लालसर होतो. बल्ब उजळ झाला, किंवा ब्लोअर बोटाने ढकलल्याशिवाय फिरत नसेल, तर आत चरबी आणि राख बसली आहे. असा ब्लोअर नव्या मॉसफेटलाही मारेल, तो बदला.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला खरेदीला जाल तर जुना पार्ट खिशात ठेवा आणि काउंटरवर नाव पूर्ण सांगा. ‘झेड ४४ द्या’ म्हटलं की बहुधा आयआरएफझेड४४एन हातात पडतो. दिसायला जुळा भाऊच, पण त्याला पूर्ण उघडायला गेटवर १० व्होल्ट लागतात. नॅनोच्या ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडतो आणि तापतो. ‘दादा, एफ नको, एल पाहिजे’ असं सांगून छाप वाचून घ्या. ईएसपी३२ च्या ३.३ व्होल्टला तर एओ३४०० सारखा कमी दाबावर उघडणारा मॉसफेट जास्त बरा. दोन-तीन जास्तीचे घ्या. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.

प्रोबचं दार

चारही दारांपैकी हे सगळ्यात दुर्लक्षित आहे, आणि माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त नुकसान इथूनच होतं.

दोन पिनांच्या अडॅप्टरला अर्थिंगची पिन नसते. त्याच्या आत मेन्सची बाजू आणि १२ व्होल्टची बाजू यांना जोडणारा एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून काही मायक्रोअँपिअर पाझरतात. त्यामुळे तुमचा १२ व्होल्टचा मायनस अर्थच्या तुलनेत शंभरेक व्होल्ट एसीवर तरंगत असतो. माणसाला फार तर मुंग्या येतात. पण भट्टी ओल्या गच्चीवर उभी असते, मटण ओलं असतं, आणि प्रोबची स्टीलची नळी त्या मटणात खुपसलेली असते. प्रोबच्या सांध्यात पाणी शिरलं असेल तर ही गळती थेट इनपुट पिनमधून वाट काढते. त्यात कुणी तीन पिनांच्या चार्जरवर असलेला लॅपटॉप यूएसबीने जोडला, की तरंगणारा मायनस एका क्षणात अर्थला टेकतो आणि झटका बसतो.

चारकोपच्या एका मित्राचा कंट्रोलर असाच आला होता. त्याचा सगळा राग विजांच्या कडकडाटावर होता. पण अडॅप्टर ठणठणीत, मॉसफेट ठणठणीत, फक्त मटणाचा प्रोब खोलीतल्या हवेतही २८० अंश दाखवत होता. त्या संध्याकाळी सेटिंग बदलायला त्याने लॅपटॉप जोडला होता, चार्जरसकट. पाऊस निमित्तालाही नव्हता.

अशी पिन ओळखायची एक खात्रीची युक्ती आहे. नॅनो सॉकेटमधून काढा, मीटर डायोडवर ठेवा, लाल टोक ग्राउंडला लावा आणि काळं टोक एकेका अ‍ॅनालॉग पिनवर फिरवा. प्रत्येक पिनेच्या आत संरक्षक डायोड असतो, त्यामुळे सगळ्यांवर ०.५ ते ०.७ च्या दरम्यान जवळपास सारखा आकडा येतो. जी पिन वेगळी बोलते ती गेलेली. मित्राच्या बोर्डावर बाकी सगळ्या पिना एकसारख्या होत्या आणि ए१ वर ०.१२ होतं. बाकी चिप चांगली असेल तर नॅनो फेकायची गरज नाही. ए६ आणि ए७ बहुतेकांच्या रिकाम्या असतात आणि त्या फक्त अ‍ॅनालॉग इनपुटच आहेत. वायर तिथे हलवा, प्रोग्रॅममध्ये पिनचा नंबर बदला. एकदा मार खाल्लेल्या चिपवर रात्रभराचं शिजवणं सोपवायचं नसेल तर मात्र नवी नॅनोच घाला. मी नवीच घालतो. ईएसपी३२ असेल तर नवी पिन ३२ ते ३९ मधलीच निवडा, कारण दुसऱ्या गटातल्या अ‍ॅनालॉग पिना वायफाय चालू असताना वाचता येत नाहीत.

मग खुद्द प्रोब. थर्मिस्टर (तापमानानुसार रेझिस्टन्स बदलणारा प्रोब) १०० किलोओहमचा, बीटा ३९५० चा असेल तर २५ अंशांना १०० किलोओहम, आपल्याकडच्या नेहमीच्या ३० अंशांना ८० च्या आसपास, आणि उकळत्या पाण्यात ७ च्या आसपास दाखवतो. दुसरं मोजमाप विसरू नका: वायर आणि बाहेरची स्टीलची नळी यांच्यात मीटरच्या सर्वांत वरच्या ओहम रेंजवर काहीही दिसता कामा नये. काही मेगओहम दिसले तर आत पाणी आहे. स्टीलच्या जाळीची केबल असेल तर ओव्हनमध्ये १२० अंशांवर तासभर ठेवून वाळवा, पुन्हा मोजा. तरीही दिसलं तर प्रोब बाद. आणि यापुढे प्रोब धुताना केबल नळीत शिरते तो सांधा पाण्यात बुडवू नका, नुसती नळी पुसा.

थर्मोकपलचं थोडं वेगळं. के टाइपचं टोक गरम केल्यावर तापमान उतरताना दिसलं तर दोन वायरी उलट्या आहेत, चिप गेलेली नाही. काही थर्मोकपलांत टोकाचा जोड नळीलाच वेल्ड केलेला असतो. असा प्रोब मॅक्स३१८५५ ला लावून भट्टीच्या धातूला टेकवला आणि कंट्रोलरचा ग्राउंडही कुठून तरी त्या धातूला पोचत असेल, तर चिप ‘ग्राउंडशी शॉर्ट’ अशी तक्रार करते. लोक ती जळाली समजून बदलतात आणि नवीही तेच सांगते. नळीपासून सुटा जोड असलेला प्रोब घ्या, तक्रार जाते. खरंच शंका असेल तर मॉड्यूलच्या दोन टर्मिनलमध्ये तांब्याच्या वायरचा तुकडा लावा. चिप चांगली असेल तर खोलीचं तापमान, एखाद-दोन अंश जास्त, दाखवेल.

परत जोडताना घालायची राखण

१२ व्होल्टच्या तोंडाशी, या क्रमाने: १ अँपिअरचा फ्यूज, उलट्या पोलॅरिटीसाठी १एन५८२२ डायोड सिरीजमध्ये, आणि ग्राउंडकडे झटका जिरवणारा पी६केई१८ए डायोड. ५ व्होल्टच्या रेलवर जास्तीचा दाब अडवणारा ५.६ व्होल्टचा झेनर डायोड १एन४७३४ए, आणि त्याच्या आधी अर्ध्या अँपिअरचा पॉलिफ्यूज (थंड झाल्यावर आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज). प्रत्येक थर्मिस्टरच्या इनपुटला डिव्हायडर (थर्मिस्टर आणि त्याच्या जोडीचा रेझिस्टर) आणि पिन यांच्यामध्ये १ किलोओहम, पिनकडून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅराड, आणि दोन्ही रेलकडे बीएटी५४एस हा जोड-डायोड. पिन करंट घेतच नाही म्हणण्याइतका कमी घेते, त्यामुळे रीडिंग हलत नाही. शेवटी बोर्डावर अ‍ॅक्रिलिक कोटिंगचा स्प्रे मारा, सॉकेट आणि कनेक्टरवर आधी चिकटपट्टी लावून.

पण या सगळ्यापेक्षा मोठा फायदा अडॅप्टरच काढून टाकण्यात आहे. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची सीलबंद लेड अ‍ॅसिड बॅटरी घ्या. कंट्रोलर आणि ब्लोअर मिळून सरासरी ०.३ अँपिअर घेतात असं धरलं तरी बारा-पंधरा तास आरामात निघतात. मेन्सशी संबंधच उरत नाही, न्यूट्रल सुटो की काहीही होवो. पावसाळ्यात गच्चीवर एक्स्टेन्शन बोर्ड नेण्याचा धोकाही संपतो, आणि तो धोका कंट्रोलरच्या किमतीपेक्षा फार मोठा आहे. बॅटरीच्या प्लसलाच फ्यूज लावा. लॅपटॉप जोडायचा झाला तर चार्जर काढून, आणि प्रोब मटणातून बाहेर काढून.

कॅलिब्रेशन आणि पहिली आच

बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी एकत्र ढवळून प्रोब मधोमध धरा, ० यायला हवं. उकळत्या पाण्यात भांड्याला न टेकवता धरा. मुंबई समुद्रकाठी असल्याने १०० अंश धरून चाला. दोन्हीकडे सारखाच फरक पडत असेल तर प्रोग्रॅममध्ये तेवढा ऑफसेट द्या. एकीकडे बरोबर आणि दुसरीकडे चूक असेल तर डिव्हायडरचा रेझिस्टर मोजा, जास्त दाबात त्याची किंमत सरकलेली असते.

कोळसा पेटवण्याआधी कोरडी चाचणी घ्या. भट्टीचा प्रोब चालू असताना उपटून काढा. ब्लोअर लगेच थांबला पाहिजे. थांबत नसेल तर प्रोग्रॅममध्ये तशी अट घाला, कारण तुटलेला थर्मिस्टर कंट्रोलरला ‘भट्टी थंड आहे’ असं सांगतो आणि तो वारा घालतच राहतो. मग प्रोबच्या दोन्ही वायरी एकत्र टेकवून तेच पुन्हा बघा.

पहिली आच मोकळ्या गच्चीवर, बंद बाल्कनीत मुळीच नाही, कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मटण न ठेवता, अर्धाच कोळसा भरून ११० अंशांचं सेटिंग द्या आणि दोन तास शेजारी बसा. सुरुवातीला दहा-पंधरा अंशांनी वर जाऊन खाली येईल, ते स्वाभाविक आहे. दर अर्ध्या तासाने मॉसफेट आणि बक मॉड्यूल चाचपा, कोमट असावेत. ब्लोअर बंद असतानाही तापमान चढत राहिलं तर बोर्डाला दोष देण्याआधी झाकणाची फट आणि राखेचं दार बघा, तिथून हवा शिरत असते.

सगळं ठीक राहिलं तर दुसऱ्या खेपेला कोंबडीच्या तंगड्या लावा, आत ७४ अंश झाले की उतरवा. रान त्यानंतर.